मोहाच्या पाटीवरची तिरपी अक्षरे

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे डीटीपी आणि रेडियम कटिंगचे, म्हणजे चिकट रंगीत कागदातून अक्षरे कापून देण्याचे दुकान आहे. लग्नपत्रिका आणि गाड्यांच्या नंबरप्लेट हे तिथले नेहमीचे काम. त्यामुळे शेजारच्या गावची वन समिती झाडांच्या पाट्या करून घ्यायला आली आणि सोबतच्या निवृत्त वनस्पतिशास्त्राच्या सरांनी ‘शास्त्रीय नावे इटॅलिकमध्येच, म्हणजे तिरप्या वळणातच हवीत’ असे बजावले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

पत्रिकेवर वधूवरांच्या इंग्रजी नावांना मोनोटाइप कोर्सिव्हा हा फॉन्ट शोभतो, पण झाडाच्या पाटीवर त्याची नटवी कॅपिटल अक्षरे वाचू देत नाहीत. मी गॅरामंड इटॅलिक पडद्यावर आणला. समितीच्या अध्यक्षांनी डोळे बारीक केले : “हे अक्षरं पडल्यावानी काऊन दिसून राह्यले?”

ती पडलेली नसतात, हे दाखवायला मी सरळ गॅरामंड शेजारी ठेवला. सरळ वळणातला स्मॉल ‘ए’ दुमजली, म्हणजे वर आकडा आणि खाली पोट असलेला असतो, तो इटॅलिकमध्ये एकमजली होतो, ‘एफ’ची शेपटी ओळीखाली उतरते आणि सेरिफच्या, म्हणजे रेघेच्या टोकाशी असलेल्या छोट्या आडव्या पट्टीच्या जागी लेखणी टेकवून उचलल्याची खूण राहते, म्हणजे अक्षर नव्यानेच रेखलेले असते. फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरलेल्या अशा टाइपात मुद्रक-प्रकाशक आल्डस मॅन्युशियसने व्हेनिसमध्ये 1501 साली रोमन कवी व्हर्जिलचे अख्खे पुस्तक छापले, तेव्हा कॅपिटल अक्षरे मात्र सरळच होती. सरळ मजकुरात एखादा शब्द वेगळा काढण्याचे काम इटॅलिककडे पुढे आले.

समितीतल्या एका तरुणाला मराठी नावेही तिरपी हवी होती. मी ‘मोह’ कलवून दाखवला : शिरोरेषा आडवीच राहिली, काना तेवढा कलंडला आणि ‘म’ची गाठ चेपली. देवनागरीला इटॅलिकचे स्वतंत्र वळण परंपरेने नाही, संगणक नुसते ढकलतो. तो आग्रह तिथेच सुटला.

खरा वेळ गेला तो कटिंगला. सरांना बोडोनी इटॅलिक अधिक देखणा वाटत होता, आणि पडद्यावर तो आहेच. पण त्याच्या केसासारख्या बारीक रेषा लहान आकारात रेडियम सोलताना जादा भागाबरोबर उचलल्या जात होत्या. गॅरामंडमध्ये जाड-बारीक फरक कमी असल्याने तो टिकला. सागाच्या पाटीवर ‘टेक्टोना ग्रँडिस’ इटॅलिक आणि त्यापुढचे, हे नाव देणाऱ्या धाकट्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाचे संक्षिप्त नाव सरळ, हा संकेत सरांनी स्वतः तपासला. तेंदूचे ‘डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन’ पाटीत मावेना, तेव्हा अक्षर दाबण्याऐवजी पाटीच रुंद करून घ्यायला अध्यक्षांनी होकार दिला.