खटक्याचा भार पत्र्यावर जाऊ द्या, सोल्डरवर नको

१९७५ च्या ऑल्टेअर ८८०० या संगणकाच्या दर्शनी पॅनेलवर २५ खटके (टॉगल स्विच) आहेत: अ‍ॅड्रेस-डेटाचे १६, कंट्रोलचे ८ आणि पॉवरचा १. प्रोग्रॅम हाताने भरायचा तर एकेक बाइट खटक्यांवर मांडायचा आणि डिपॉझिट करायचा, म्हणजे मेमरीत टाकायचा. दर बाइटला सरासरी चार खटके बदलतात असं धरलं, तरी शंभर बाइटांच्या प्रोग्रॅमला पाचशेच्या आसपास हालचाली होतात. शोकेसमध्ये ठेवायची प्रतिकृती कशीही बसवा. वापरायची असेल तर खटका कशाच्या आधाराने उभा आहे, ते आधी बघा.

आपल्याकडे सहज मिळणाऱ्या एमटीएस जातीच्या छोट्या खटक्याच्या पायांत ४.७ मिमी अंतर असतं, म्हणजे कडेच्या दोन पायांत ९.४ मिमी. हे पाय ज्या सर्किट बोर्डात सोल्डर होतात, त्या बोर्डापासून खटक्याचं टोक साधारण ३० मिमी वर येतं. बोटाचा जोर ३ न्यूटन धरा. पॅनेलच्या पत्र्याचा आधार नसेल तर कडेच्या प्रत्येक पायावर जवळपास १० न्यूटन, म्हणजे एक किलोचा भार येतो, तोही एकदा ओढणारा आणि एकदा दाबणारा. सोल्डर काही दिवस टिकतो, मग पायाभोवती बारीक गोल चीर दिसते, आणि जोर चालूच राहिला तर तांब्याचा पॅड बोर्डावरून सुटून येतो. तेव्हा भार घ्यायचा तो पत्र्याने. पायांनी फक्त वीज वाहावी.

खरेदी करताना १६ अ‍ॅड्रेस खटक्यांसाठी एमटीएस-१०२ घ्या (टाकाल त्या बाजूला राहणारा), कंट्रोलसाठी एमटीएस-१२३ (सोडला की मध्ये परत येणारा). दोघांच्या मधल्या क्रमांकाचा एमटीएस-१०३ दिसायला १२३ सारखाच असतो, पण सोडल्यावर मध्ये परत येत नाही. दुकानात पाकिटावर विसंबू नका, प्रत्येक नग हलवून बघा.

या खटक्यांचे आटे ६ मिमीचे, ०.७५ पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर ०.७५ मिमी). जुने अमेरिकी खटके पाव इंची, दर इंचाला ४० आट्यांचे, म्हणजे ६.३५ मिमी. एकाचा नट दुसऱ्यावर चढवायचा प्रयत्न केला की एखादा आटा जातो आणि मग तिरका अडकतो. मूळ पाव इंची भोकाच्या पॅनेलमध्ये ६ मिमीचा खटका घालायचा असेल, तर पत्र्यात बसणाऱ्या भागावर कॅप्टन टेपचे (उष्णता सोसणारी पातळ टेप) तीन वेढे द्या. नाहीतर नट कितीही आवळला तरी रांग सरळ दिसत नाही.

नवा पत्रा नाशिकच्या अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत कापून घेता येतो. इलेक्ट्रिकल पॅनेलची कामं तिथे बरीच चालतात, त्यामुळे लेझर आणि पावडर कोटिंग दोन्ही हाताशी असतं. एकाच नगाला नाकं मुरडली तर मोठ्या ऑर्डरच्या उरलेल्या शीटमधून कापून मागा. २ मिमी अ‍ॅल्युमिनियम पुरतं. मात्र ड्रॉइंगमध्ये ६.१ लिहू नका. कोटिंगचा थर ६०-८० मायक्रॉनचा, तो भोकाच्या दोन्ही बाजूंनी चढतो आणि भोक साधारण ०.१५ मिमीने लहान होतं. ६.३ लिहा.

आता बसवण्याचा क्रम. नव्याण्णव टक्के नुकसान इथेच होतं (आकडा माझ्या वैतागाचा, मोजलेला नाही). आधी सगळे खटके बोर्डात नुसते खोचा, सोल्डर करू नका. प्रत्येकावर मागचा नट एकाच उंचीला आणा. उंची मोजायला लोखंडी पट्टीचा तुकडा कापून त्याचाच गेज करा. या मागच्या नटाशिवाय बसवलं की खटक्याचं अंग पत्र्याला जाऊन भिडतं, आटे समोरून बाहेर डोकावतात आणि पुढचा नट आवळताना बोर्ड वर ओढला जातो. मागच्या नटावर दातेरी वॉशर, मग पत्रा. बोर्ड आणि पत्रा यांच्यात अंतर राखणाऱ्या एम३ स्पेसरचे स्क्रू घट्ट करा, पुढचे नट बोटाने लावा. खटक्यांच्या रांगेला सरळ पट्टी टेकवून सगळे एका ओळीत आणा आणि ८ मिमीच्या बॉक्स पान्याने आवळा. पान्याच्या तोंडाला मास्किंग टेप लावा, कोटिंगवर चरा उठत नाही. सोल्डर यानंतर. प्रत्येक खटक्याचा एकच पाय आधी, सगळे हलवून बघा, मग उरलेले. आधी सोल्डर करून नंतर नट आवळला तर अंग फिरतं आणि पीळ थेट पॅडवर जातो. एका पायाला तीन सेकंदांपेक्षा जास्त सोल्डरिंग आयर्न लावू नका, तळाचं प्लास्टिक मऊ होऊन पाय वाकडा होतो. नंतर क्लीनर ओतू नका, फ्लक्स विरघळून आत कॉन्टॅक्टवर जातो.

ऑल्टेअरची रुंदी १७ इंच, म्हणजे सुमारे ४३ सेंमी. कडांनाच धरलेला २ मिमी पत्रा मध्ये दाबला की लवतो. खटक्यांच्या रांगेच्या वर किंवा खाली १२ बाय १२ मिमीचा अ‍ॅल्युमिनियम अँगल आडवा लावा आणि बोर्डाला दर ८-१० सेंमीवर स्पेसर द्या. स्पेसरची उंची मागच्या नटाच्या पातळीशी जुळली पाहिजे. फरक राहिला तर ०.२ मिमीचे वॉशर घालून भरा, स्क्रूने ओढून नाही.

आयएमएसएआय ८०८० या तशाच संगणकाचे रंगीत पॅडल, म्हणजे चपट्या दांड्याचे खटके, वेगळे. ते बोर्डावरच बसतात, पुढच्या पत्र्याचा त्यांना आधार नाही. तिथे अँगल बोर्डाच्या मागे हवा, मध्ये इन्सुलेशनची पट्टी देऊन, आणि स्पेसर रांगेच्या अगदी जवळ.

पॉवरच्या खटक्यात मात्र मूळची नक्कल करू नका. ती यंत्रं अमेरिकेच्या १२० व्होल्टवर चालणारी. आपल्याकडे २३० आहेत आणि शेजारच्या खटक्यांवर बोटं सतत फिरत असतात. पॅनेलवरच्या खटक्याने फक्त १२ व्होल्टची रिले (विजेने चालणारा खटका) चालवा, रिले मागे बंद डब्यात. पत्र्याला अर्थिंग द्या, आणि अर्थच्या स्क्रूखालचं कोटिंग खरवडून काढा. नाहीतर मल्टिमीटर लावल्याशिवाय कळतही नाही की पत्रा अर्थला जोडलेलाच नाही.