पऱ्हे तरंगू नयेत म्हणून

कार्यक्रम संपतो, ढोलकी गवसणीत जाते आणि कोणीतरी जवळ येऊन विचारतं. विचारणारे प्रेमानंच विचारतात. "ताई, गाणी गोड आहेत हो, पण एवढी संथ का म्हणता? ठेका थोडा वाढवला, मागे कीबोर्ड घेतला तर पोरंही ऐकतील." गेल्या महिन्यात नागपुरातच सक्करदऱ्याला एकाच संध्याकाळी तिघांनी विचारलं. वाद्यं गाडीत चढवता चढवता याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून लिहिते आहे.

लोकगीतं म्हणणारा आमचा हा बँड म्हणजे आम्ही घरचेच सहा जण. यजमान ढोलकीवर, धाकटे दीर खंजिरी आणि टाळावर, मुलगा पेटीवर, मुलगी आणि मी गायला. सहाव्या सासूबाई. त्यांच्याकडूनच निम्मी गाणी आली. जुन्या शुक्रवारीतल्या आमच्या घरात गाणं आधीपासून होतंच. सासरे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतल्या भजन मंडळात खंजिरी वाजवायचे. तीच खंजिरी आज दिरांच्या हातात आहे.

माझं माहेर अकोटकडचं, सासूबाईंचं साकोलीकडचं. नकाशावर पाहाल तर नागपूर या दोन मुलखांच्या मधे येतं. पश्चिमेला वऱ्हाडची काळी माती, कापूस आणि ज्वारी. पूर्वेला झाडीपट्टी, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, बोड्या म्हणजे लहान तळी, आणि धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्याकडे जात्यावरच्या ओव्या होत्या, निंदणाची गाणी होती, भुलाबाईची होती. सासूबाईंकडे रोवणीची, म्हणजे धानाची रोपं चिखलात लावतानाची. आमची एकमेकींची बोलीही निम्मी कळायची नाही. पण सुपात तांदूळ घेऊन समोरासमोर बसलो की एकीचं संपल्यावर दुसरीचं सुरू व्हायचं. तेव्हा बँडबिंड काही मनात नव्हतं.

पुढे मुलीनं ही गाणी लिहून घ्यायला वही केली आणि तिथं आम्ही अडलो. ती फोन समोर ठेवून म्हणायची, "आजी, म्हण." आजी दोन ओळी म्हणून थांबायची. "पुढचं नाही येत गं." जे गाणं त्यांनी तांदूळ निवडताना मला वीस वेळा ऐकवलं होतं, ते फोनपुढे येईना. एक गाणं तर अर्धंच राहिलं. त्यात सासरहून निघालेली लेक माहेरच्या वाटेवरच्या एकेका झाडाला निरोप सांगत जाते. मोह, पळस, येन. मग एक झाड सुटलेलं, आणि थेट गावची आखर, म्हणजे गुरं जमतात ती गावाजवळची मोकळी जागा.

त्या वर्षी पुष्य नक्षत्रात सासूबाईंच्या भावाकडे रोवणी होती, म्हणून आम्ही सगळे गेलो. सासूबाईंना तेव्हा एकाहत्तरावं लागलेलं. सगळे नको नको म्हणत असताना त्यांनी लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि त्या बांधीत उतरल्या. डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची पेंडी, उजव्या हातानं दोन-तीन काड्या चिखलात खोचायच्या आणि एक पाऊल मागे. रोवणी नेहमी मागे मागे सरकत करतात, पुढे गेलात तर लावलेलंच तुडवाल. दहा-बारा बायकांची ओळ होती. एकीनं गाणं उचललं, बाकीच्यांनी झेललं. सासूबाई वाकलेल्याच होत्या, आमच्याकडे पाहिलंही नाही, आणि त्यांच्या तोंडून सुटलेलं झाड आलं. टेंभुर्णी.

मुलगी बांधावर वही घेऊन उभी होती. तिनं लिहिलं नाही. चपला काढून तीही उतरली.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट कळली, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिच्यातच आहे. या गाण्यात ओळीच्या मधोमध एक थांबा येतो, चांगला लांब. मुलाला वाटायचं, आजीला दम लागतो म्हणून ती थांबते. तो तिथं पेटीची एक लकेर भरायचा. छान वाटायची, टाळ्याही पडायच्या. चिखलात उतरल्यावर कळलं की तो थांबा पाय काढायचा आहे. गुडघ्याएवढ्या चिखलात रुतलेला पाय ओढून मागे ठेवायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच तो थांबा. पाय टेकला की उरलेली अर्धी ओळ. मुलानं स्वतः चार ओळी रोवल्या आणि परत आल्यावर ती लकेर काढून टाकली. कोणाला सांगावं लागलं नाही.

जात्याचंही असंच आहे. खुंट्याला दोघींचे हात असले की दळण हलकं होतं आणि ओवी लांबते. एकटीच दळत असली की तीच ओवी आखडते, कारण दम ओढण्यात जातो. मूठभर दाणे तोंडात घालायचे तेव्हा आवाज खाली येतो. माझी आई म्हणायची ती ओवी मी मंचावर माइकपुढे उभी राहून म्हटली तेव्हा ती मलाच पोकळ वाटली. आता आम्ही जातं सोबत नेतो. दोन बसकरं अंथरतो, मुलगी आणि मी बसतो आणि खरोखर ज्वारी दळतो. जात्याची घरघर माइकमध्ये येते म्हणून ध्वनीवाले कुरकुर करतात, पण ती आम्हाला हवी आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्रभरच्या एक लाखावर ओव्या गोळा झाल्या. आमच्या वहीत सगळी मिळून अडतीस गाणी आहेत. पण त्या लाखातली प्रत्येक ओवी कोणाच्या तरी दंडाच्या वेगानं आली आहे, हे जातं ओढल्याशिवाय मला उमगलं नसतं.

याचा अर्थ आम्हाला सगळंच संथ आवडतं असा नाही. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या, म्हणजे पोळ्याची खास कवनं होतात, त्या आम्ही गातच नाही, ओरडतो. तोरणाखाली त्या ओरडूनच होतात, शेवटच्या "हर हर महादेव"ला अख्खं गाव एका दमात ओरडतं. दुसऱ्या दिवशीची आपली मारबत, म्हणजे रोगराई-पीडा गावाबाहेर न्यायला काढतात ती पुतळ्यांची मिरवणूक, तर विचारूच नका. काळी 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून, आणि इतवारी-महालच्या गल्ल्यांत "घेऊन जा गे मारबत" या आरोळीला लय देतात ती धावणारी माणसं. खडी गंमत, म्हणजे आपल्याकडचा तमाशासारखा खेळ, उभ्यानं होते, तिच्या ढोलकीला वेग हवाच. भुलाबाईच्या गाण्यांचा वेग लहान पोरींच्या हातातल्या टिपऱ्यांचा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत या घरून त्या घरी जायचं, म्हणजे फार रेंगाळून चालणारच नाही. खिरापतीचा डबा मात्र आम्ही प्रेक्षकांत खराच फिरवतो. कानाशी वाजवून ओळखा म्हणतो. एकदा मुरमुऱ्याचा चिवडा कोणालाच ओळखता आला नाही, सभागृह पाच मिनिटं हसत होतं.

गाण्याचा वेग त्याच्या कामाचा असतो, एवढंच आम्ही धरून आहोत.

वेग वाढवा म्हणणाऱ्यांचं आम्हीही एकदा ऐकलं होतं, तेही सांगते. एका लग्नाच्या संगीतात लग्नघरच्यांनी आग्रह केला, म्हणून रोवणीचं तेच झाडांचं गाणं दुप्पट वेगानं केलं. मधला थांबा गाळला. पोरं नाचली, पाकीटही मोठं मिळालं. उतरताना कोपऱ्यात बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी माझा हात धरला. वधूकडच्या कोणाच्या तरी आजी होत्या, भंडाऱ्याकडच्या. म्हणाल्या, "बाई, येवढ्या घाईनं रोवलं तं पऱ्हे तरंगते ना." वरवर खोचलेलं रोप पाणी चढलं की सुटून तरंगतं, ते धान येत नाही. त्यांनी मला गाण्याबद्दल सांगितलं की रोवणीबद्दल, हे मला आजही सांगता येणार नाही. रात्रभर झोप लागली नाही. त्यानंतर ते गाणं आम्ही कधी पळवलं नाही, आणि त्यापायी दोन आमंत्रणं गेली. जाऊ दे.

यंदा सासूबाईंचे गुडघे चालत नाहीत, म्हणून रोवणीला मुलगी एकटीच गेली. येताना तिथल्या बायकांकडून ऐकून आली की ते झाड टेंभुर्णी नाही, चार आहे, म्हणजे चारोळीचं झाड. सासूबाई ऐकेनात. आजी आणि नात दोन दिवस भांडल्या. शेवटी परवाच्या कार्यक्रमात आम्ही दोन्ही कडवी घेतली. सासूबाई पहिल्या रांगेत खुर्चीवर होत्या. चारच्या कडव्याला हाताची घडी घालून बसल्या. टेंभुर्णीच्या कडव्यात ओळीचा मधला थांबा आला, मुलानं पेटीवरचा हात उचलला, ढोलकी थांबली, आणि मंचावरून मला दिसलं, त्यांचा उजवा पाय चपलेतून निघाला, हळूच मागे गेला आणि खुर्चीखाली टेकला. मग मी उरलेली ओळ म्हटली.