चालताय ते ठीक, पण खाली बसून उठता येतंय का?

गेल्या वर्षी गणपतीत आरती झाल्यावर खाली बसले आणि उठायला गेले तर उठताच येईना, एक हात जमिनीला, दुसरा कपाटाला, शेवटी सुनेनं दंडाला धरून उठवलं. वय 63, बीपी नाही शुगर नाही, रोज सकाळी बेळगावच्या व्हॅक्सिन डेपो मैदानात फिरायला जाणारी मी, त्या दिवशी खरंच घाबरले.

आमची येळ्ळूरची मावशी ऐंशीच्या पुढची. अजून चुलीपुढं पाटावर बसून भाकऱ्या थापते आणि झाल्या की दोन्ही हातात बुट्टी घेऊन तशीच उठते, कशाला टेकत नाही. मला म्हणाली, "हात कशाला टेकालीस गं, पाय हाईत की!"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, तिचं आयुष्य उठबशीत गेलंय आणि माझं खुर्ची, सोफा, डायनिंग टेबलवर. चालण्यानं दम टिकतो, पण मांड्यांना तेवढं पुरत नाही. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होतात आणि साठीनंतर जास्तच. डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) पण आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगतेच, पण त्याशिवाय निदान 2 दिवस ताकदीचा आणि पासष्टीनंतर 3 दिवस तोल सांभाळायचा व्यायाम करा म्हणते, ते आपण कुणी ऐकतच नाही.

घरी करून बघा. हात छातीवर आडवे, खुर्चीतून 30 सेकंदात किती वेळा पूर्ण उभं राहता ते मोजा. साठ ते चौसष्टच्या बायकांचे 12 तरी व्हायला पाहिजेत, पुरुषांचे 14. माझे 8 झाले होते! मग रोज सकाळ-संध्याकाळ दहा-दहा उठबशा खुर्चीवरच सुरू केल्या, आणि दूध तापेपर्यंत ओट्याला बोट लावून एका पायावर उभं राहायचं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस फिरायला कुठं जाऊ देतो, तेव्हा हेच कामाला आलं.

आणि जेवण! आपला बासमती सुटत नाही, सोडूही नका, पण ताटभर भात आणि पातळ आमटी यात स्नायूंना काय मिळणार, म्हणून मी भात अर्धा केला आणि आपल्या शिवारातल्या मसुराची घट्ट उसळ वाटीभर, शिवाय ताक नाहीतर अंडं.

आता 30 सेकंदात 13 उठबशा होतात. जमिनीवरून उठताना मात्र अजून एक हात टेकावा लागतो, या गणपतीपर्यंत तोही सोडायचाय. गुडघे दुखत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि खुर्ची भिंतीला लावूनच ठेवा, सरकते ती.