घराआधी अंगण

नागपूरच्या बेसा परिसरातील आमच्या प्लॉटवर नकाशा आखताना मी पहिली अट घातली ती पश्चिमेचा कडुलिंब राखण्याची. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो तेव्हा दुपारची भिंत तापू न देणारे ते झाड कुलरपेक्षा भरवशाचे आहे. 100 चौरस मीटर गच्चीवर 1000 मिलिमीटर पाऊस पडला, तर 1 लाख लिटर पाणी उतरते. मात्र इथली काळी माती भिजली की फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते, म्हणून हे पाणी जमिनीत जिरवणारा शोषखड्डा घराच्या पायापासून दूर, उताराच्या टोकाला घेतला. कंत्राटदाराला सगळीकडे पेव्हर ब्लॉक हवे होते (त्याला चिखलाचा भारी तिटकारा). मी ते गाडीपुरतेच मान्य केले. उरलेल्या जागेत, पाया खणताना बाजूला रचून ठेवलेली वरची माती परत पसरली असून तिच्यात आता तरोटा (टाकळा) उगवला आहे.