पायोनिअर एसएक्स-६५०: काम कुठवर आलं, आणि जुने सेट एवढे महाग का

रिसीव्हर (रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत) बोलायला लागला. दोन्ही चॅनेल सुरू आहेत, चालू केल्यावर काही सेकंदांनी रिले (स्पीकर जोडणारा स्विच) ‘टक’ करून लागतो आणि व्हॉल्यूम फिरवताना खरखर येत नाही. काय राहिलंय ते शेवटी लिहितो. मधल्या काळात ज्याला ज्याला सेट दाखवला त्याने एकच विचारलं: जवळजवळ पन्नास वर्षं जुन्या सेटला लोक एवढे पैसे का मोजतात? मला विचाराल तर त्याचं उत्तर झाकण काढलं की आतच दिसतं. म्हणून या वेळी काम आणि भाव यांबद्दल एकत्रच लिहितोय.

सेट राजापूरकडचा, खाडीकाठच्या एका घरातला. घरातले चाचा कुवेतला नोकरीला होते, सुट्टीवर येताना घेऊन आले. “चाचा, देणार का?” विचारल्यावर म्हणाले, “भंगारात द्यायचा असता तर कधीच दिला असता. आधी वाजवून दाखव, मग बोलू.” त्या बोलीवर तो रत्नागिरीला माझ्या टेबलावर आला.

आपल्या किनाऱ्यावर चांगले जपानी सेट आले ते असेच, आखाताच्या किंवा बोटीच्या नोकरीतून. त्या काळात परदेशी मालावरची जकात एवढी होती की दुकानातून असा सेट घेणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होतं. त्यामुळे मुळातच संख्या कमी. आखाती सेटचा एक मोठा फायदा मात्र आहे. ते बहुतेक निर्यातीचे, म्हणजे मागे व्होल्टेज निवडायची चकती असलेले. अमेरिकेतून मागवलेला सेट १२० व्होल्टचा आणि थेट जपानचा १०० व्होल्टचा, त्यांना वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो. चकतीचा सेट आपल्या २३० व्होल्टवर सरळ चालतो. हल्ली विकणारे जाहिरातीत चकतीचा फोटो आधी टाकतात आणि त्याचे जास्त पैसे मागतात. ते पैसे द्यावेत असं माझं मत आहे.

आता आतलं. झाकण काढलं तर ट्रान्सफॉर्मरच्या कडेला कुंभारमाशीने मातीचं घरटं केलेलं, जाळीच्या फटींतून आत येऊन. ते लाकडी काडीने सुटं केलं, ब्रशने झाडलं, तेव्हा खाली तांब्याच्या तारेवर हिरवट थर दिसला. खाऱ्या हवेचं काम. कोकणात सेट वापरून खराब होत नाही, न वापरता पडून राहिला की होतो. चालू सेट आतून गरम राहतो, दमट हवा टिकत नाही. बंद सेट चार पावसाळे नुसता ओल पीत बसतो.

पहिल्यांदा वीज दिली ती सिरीज बोर्डवरून, म्हणजे सेटच्या वाटेत १०० वॉटचा पिवळा बल्ब लावून. बल्ब क्षणभर भगभगला आणि मंद झाला, म्हणजे सप्लायमध्ये शॉर्ट नाही. पण रिले काही लागेना. हा रिले स्पीकरचा राखणदार. आउटपुटवर डीसी, म्हणजे स्पीकर जाळू शकणारा एकदिश प्रवाह, आला तर रिले स्पीकरची जोडणी तोडतो. डीसी मोजला, दोन्ही बाजूंना मामुली. मग रिलेचा ड्राइव्ह तपासला, तिथे एक छोटा कंडेन्सर पार सुकलेला. तो बदलल्यावर रिले लागला, पण डावा चॅनेल कधी यायचा, कधी जायचा. रिलेची प्लॅस्टिकची टोपी काढून भिंगाखाली पाहिलं. संपर्काच्या चांदीवर काळा थर होता. पांढऱ्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून संपर्कांच्या मधून ओढली. पहिली पट्टी काळीकुट्ट, नंतरची करडी, शेवटची स्वच्छ. पॉलिश पेपर लावू नका, वरचा चांदीचा मुलामा निघून जातो. डावा चॅनेल परत आला, आणि अगदी हळू आवाजात पूर्वी जो फाटका सूर लागायचा तोही गेला.

हे एवढं सविस्तर लिहिलं, कारण भावाचं मूळ इथे आहे. या सेटमध्ये प्रत्येक भाग सुटा करता येतो, तपासता येतो, बदलता येतो. बोर्डवर जागा आहे, वायरींना रंग आहेत, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये प्रत्येक ठिकाणचा व्होल्टेज छापलेला आहे. दुरुस्त व्हावा म्हणूनच तो बनवलेला आहे.

आणि तो असा बनला त्यालाही कारण होतं. पूर्वी कंपन्या वॉटचे मनाला येतील ते आकडे छापत. १९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम आणला. अ‍ॅम्प्लिफायर आधी तासभर एक-तृतीयांश ताकदीवर तापवायचा आणि मग दोन्ही चॅनेल चालू ठेवून सलग मिळते ती ताकद सांगायची. या परीक्षेत पास व्हायचं तर ट्रान्सफॉर्मर मोठा लागतो, हीटसिंक जाड लागते. मग जपानी कंपन्यांची खरी चढाओढ लागली. पायोनिअरचा १९७६ चा एसएक्स-१२५० दर चॅनेल १६० वॉटचा, १९७८ चा एसएक्स-१९८० तर २७० वॉटचा आणि सुमारे ३५ किलो वजनाचा. आपला ६५० त्या घराण्यातला धाकटा, दर चॅनेल ३५ वॉट. घरगुती खोलीला तेवढे पुष्कळ झाले.

मग हे थांबलं का? लोक म्हणतात सीडी आली म्हणून. सीडी १९८२ ला आली हे खरं, पण सीडीलाही अ‍ॅम्प्लिफायर लागतोच. माझ्या मते मोठा घाव येनचा. १९८५ च्या प्लाझा करारानंतर (डॉलर उतरवायला मोठ्या देशांनी केलेला करार) दोन-तीन वर्षांत डॉलरचा भाव सुमारे २४० येनवरून १२०-१३० वर आला. जपानमध्ये बनवून अमेरिकेत विकायचा माल एकदम महाग झाला. मग ट्रान्सफॉर्मर लहान झाला, पुढच्या पट्टीचं अ‍ॅल्युमिनियम जाऊन प्लॅस्टिक आलं, कारखाने स्वस्त मजुरीच्या देशांत गेले. आज कोणी ६५० सारखा सेट जसाच्या तसा बनवायला घेतला तर तांबं, अ‍ॅल्युमिनियम आणि हाताची मजुरी धरून त्याची किंमत जुन्या सेटच्या आजच्या बाजारभावाच्या बरीच वर जाईल. म्हणून नीट दुरुस्त केलेला रिसीव्हर मला महाग वाटत नाही.

टर्नटेबलचंही तेच झालं. टेक्निक्सने आपल्या एसएल-१२०० टर्नटेबलचं उत्पादन २०१० मध्ये बंद केलं, तेव्हा जुन्यांचा भाव चढला. २०१६ मध्ये ते नव्याने आणलं तेही चढ्या किमतीलाच. तोवर रेकॉर्ड ऐकणारे परत आले होते. अमेरिकेत २०२० मध्ये रेकॉर्डच्या विक्रीचे पैसे सीडीच्या पुढे गेले, १९८६ नंतर पहिल्यांदा. मागणी जगभर वाढली आणि जुना माल आहे तेवढाच. रत्नागिरीतला विकणाराही आता फोनवर परदेशातला भाव बघूनच आकडा सांगतो.

सुट्या भागांचं मात्र खरंच अवघड झालंय. कंडेन्सर मिळतात, उलट आताचे १०५ अंशांचे जास्त टिकाऊ आहेत. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच ठेवले, व्होल्ट एक पायरी वर घेतले. अडतं ते ट्रान्झिस्टरपाशी. मूळ नंबर बंद झाले, आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात त्या नंबरचे म्हणून जे मिळतात त्यांत घासून नंबर छापलेले बरेच. नवे चालू उत्पादनातले, जुळणारे पर्याय घ्यावेत, ते अधिकृत विक्रेत्याकडून. या सेटचे आउटपुट ट्रान्झिस्टर मूळचेच आहेत आणि शाबूत आहेत. सेटची निम्मी किंमत मी त्यातच धरतो. कॅसेट डेकवाल्यांचं दुखणं याहून मोठं. नाकामिची या जपानी कंपनीच्या डेकच्या हेडला आणि मेकॅनिझमला आज नवा पर्यायच नाही.

दुसरी टंचाई हातांची. शहरात पूर्वी रेडिओ दुरुस्त करणारी जी दुकानं होती त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी आता मोबाईलचे काच-बॅटरी बदलून मिळतात. सर्किट वाचून दोष शोधणारा मेकॅनिक मिळाला तर त्याची मजुरी भागांच्या खर्चाहून जास्त होते, आणि ती व्हायलाच हवी. ‘फुल सर्व्हिस’ लिहिलेला सेट घेताना काय बदललं, बायस (आउटपुट ट्रान्झिस्टरमधून आवाज नसतानाही वाहता ठेवलेला थोडा करंट) किती लावला, हे विचारा. सांगता आलं नाही तर तो नुसता पुसलेला सेट आहे, आणि पैसे त्याच हिशेबाने द्या.

सगळेच भाव मला पटतात असं नाही. पितळी भोंग्याचे ग्रामोफोन, जुने म्हणून विकतात पण भोंगा आणि पेटी नवीच बनवलेली असते, त्यांना हजारो रुपये देणं मला मान्य नाही. मर्फी-बुशचे व्हॉल्व्ह रेडिओ किनाऱ्यावरच्या होमस्टेंच्या पडवीत शोभेसाठी जातात. काही जण आतलं सगळं उपटून ब्लूटूथचा बोर्ड बसवतात. मर्फीचा कारखाना ठाण्यात होता, भारत इलेक्ट्रॉनिक्सने बंगळुरूला व्हॉल्व्ह बनवले. त्या कामाचा एक एक नमुना असा संपवलेला बघून जीव तुटतो. आतला सांगाडा कोणाला नको असेल तर फेकू नका, आमच्यासारख्यांना द्या.

पेटीबद्दल. मूळची पेटी भुशाच्या दाबलेल्या फळीची, वरून लाकडाचा पातळ पापुद्रा. ओलीने खालच्या कडा पावासारख्या फुगल्या होत्या. शुद्धतावादी म्हणतील मूळचंच ठेवा, भाव टिकतो. मी सुताराकडून फणसाच्या फळ्यांची नवी करून घेतली. फणस आमच्या हवेत टिकतो आणि जुना होईल तसा रंग गडद होतो. मूळची पेटी गुंडाळून चाचांना द्यायला ठेवली आहे.

राहिलेलं काम: डायलचे दोन दिवे गेलेत. बायस प्रीसेट (बायस कमीजास्त करायचे छोटे स्क्रू) जुने आहेत, बंद पेटीचे नवे बसवून मॅन्युअलप्रमाणे पुन्हा लावीन आणि सेट दोन तास तापवून परत मोजीन. एफएम स्टीरिओ होत नाही. दिवा लागतो आणि विझतो. उन्हाळ्यात समुद्रावरून लांबची स्टेशनं येऊन मिसळतात, त्यामुळे दोष अँटेनाचा की डिकोडरचा (डावा-उजवा आवाज वेगळा करणारा भाग) हे पावसाळा सुरू झाल्यावर स्थानिक स्टेशनवर तपासणार आहे. ६५० चा डिकोडर कोणी लावला असेल तर १९ किलोहर्ट्झचा पायलट (स्टेशन स्टीरिओ आहे हे सांगणारा सिग्नल) कोणत्या टेस्ट पॉइंटवर पाहिला ते कळवा.