माणसाला दार उघडं, पिशवीला नाही: खान्देशातून नेपाळला येणाऱ्यांसाठी

भुसावळला पवन एक्सप्रेस पकडली की दीडेक दिवसाने ती बिहारातल्या जयनगरला जाऊन थांबते. गाडी संपते, रूळ संपत नाहीत. शेजारीच नेपाळ रेल्वेचं स्टेशन आहे. तिथून सुटणारी डेमू (डिझेलवरची लोकल) सीमा ओलांडून जनकपूरला आणि पुढे कुर्था, भंगहाकडे जाते. हा मार्ग १९३७ पासूनचा, पूर्वी नॅरोगेज होता. २०१४ मध्ये तो बंद पडला. भारताच्या मदतीने ब्रॉडगेज होऊन २ एप्रिल २०२२ रोजी पुन्हा सुरू झाला. डबे कोकण रेल्वेने पुरवलेत. आपल्याकडे नेपाळ म्हटलं की टूरवाले गोरखपूर-सुनौलीच सांगतात. कुशीनगर एक्सप्रेस भुसावळवरूनच जाते, त्यामुळे तोही रस्ता सोयीचा आहे, विशेषतः लुंबिनी-पोखरा करायचं असेल तर. पण जनकपूरची ही वाट खान्देशात फारशी कोणाला माहीत नाही.

दोन देशांत माणसं अशी सहज ये-जा करतात त्यामागे ३१ जुलै १९५० चा शांतता आणि मैत्री करार आहे. त्याच्या सातव्या कलमात राहणं, मालमत्ता, व्यापार, ये-जा या सगळ्यांत एकमेकांच्या नागरिकांना सारख्या सवलती देण्याचं कबूल केलंय. म्हणून व्हिसा नाही. पण ही मोकळीक माणसाला आहे. त्याच्या खिशातल्या नोटेला, पिशवीतल्या मालाला आणि गाडीला नाही. खान्देशातून येणारे फसतात ते इथेच. माणूस आरामात आत येतो आणि सोबतचं सामान अडकतं.

आधी ओळखपत्राचं बघा. विमानाने यायचं तर पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, या दोनच गोष्टी चालतात. आधार चालत नाही. आधारवर देशभर सगळं होतं, म्हणून लोक तेवढंच घेऊन विमानतळावर पोचतात आणि काउंटरवरून परत फिरतात. १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्यांना मात्र आधार, पॅन, रेशनकार्ड यांपैकी काहीही फोटोचं चालतं. १५ ते १८ मधल्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं ओळखपत्र लागतं. मतदार कार्डावर फक्त भारत-नेपाळ असा थेट प्रवास होतो. दुबईहून काठमांडूला उतरायचं तर पासपोर्टच हवा. रस्त्याने किंवा जनकपूरच्या गाडीने येतानाही मूळ मतदार कार्ड जवळ ठेवा, झेरॉक्सवर भिस्त नको. त्या गाडीत तिसऱ्या देशाच्या प्रवाशाला घेत नाहीत, त्यामुळे आपण कोण हे कधीही विचारलं जाऊ शकतं.

आता पैसे. फेब्रुवारी १९९३ पासून १ भारतीय रुपया म्हणजे १ रुपया ६० पैसे नेपाळी, हा दर बांधलेला आहे. डॉलर वर जावो की खाली, हा हलत नाही. बँकेत १०० भारतीय दिले की १६० नेपाळी मिळतात, उलट १०० भारतीय घ्यायला १६० रुपये १५ पैसे द्यावे लागतात. दुकानदार विचारतो, ‘आयसी कि एनसी?’ आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. लिहिताना भारू आणि नेरू. किंमत ऐकली की आधी ही कोणत्या रुपयात ते विचारून घ्या. ८०० सांगितले आणि तुम्ही आयसी समजून दिले तर समोरचा नाही म्हणेलच असं नाही. तोंडी हिशोब सोपा आहे: नेपाळी आकड्याला ५ ने गुणा, ८ ने भागा. ८०० नेपाळी म्हणजे ५०० भारतीय. काही जण दीडपटीचा हिशोब लावू बघतात. शंभरामागे दहा नेपाळी रुपये असे जातात, म्हणून पैसे बदलायचे तर बँकेत किंवा ‘सटही’ लिहिलेल्या परवानाधारक काउंटरवर.

नोटांचं प्रकरण नाजूक आहे. २०१६ च्या नोटबंदीत जुन्या पाचशे-हजाराच्या भारतीय नोटा नेपाळच्या बँकांत आणि लोकांच्या घरात अडकल्या. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने शंभरावरच्या भारतीय नोटांना मनाई केली. त्यामागे हा धडा होता असं इथले लोक उघड बोलतात, आणि ते चुकीचं वाटत नाही. मोठ्या नोटांचे नियम नंतरही हलते राहिलेत, तेव्हा निघायच्या आठवड्यात ताजी स्थिती बघा. सगळीकडे बिनतक्रार चालते ती शंभराची नोट. निघण्याआधी बँकेतून शंभराची बंडलं घ्या, रावेर-यावलच्या केळी व्यापाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

मार्च २०२४ पासून फोनपेच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं. हे आपलं ‘फोन-पे’ नव्हे. इथलं ‘फोनपे’ ही नेपाळची वेगळी पेमेंट व्यवस्था आहे, नावाच्या सारखेपणात गोंधळू नका. तीन गोष्टी आधी करा: ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय यूपीआय सुरू करा, सिमवर रोमिंग चालू करा आणि बँकेचा ओटीपी येतोय का ते घरीच तपासा. सीमेवरच्या गावात भारताचं सिग्नल पकडतं, त्यामुळे तिथे सगळं ठीक वाटतं. पंचवीस किलोमीटर आत गेलं की फोन मुका. डोंगरातल्या चहाच्या टपरीवर क्यूआर असला तरी नेट असेलच असं नाही, म्हणून दोन दिवसांची रोकड जवळ हवीच.

उलट दिशेचं कामही सांगायला हवं, कारण ते खान्देशातच करायचं असतं. जळगाव, धुळे, भुसावळच्या चायनीज गाड्यांवर आणि हॉटेलांच्या भटारखान्यांत नेपाळी माणसं आहेत. कॉलनीत रात्री शिट्टी वाजवत फिरणारे आहेत. त्यांना घरी पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची भारत-नेपाळ रेमिटन्स योजना २००८ पासून आहे. एनईएफटी असलेल्या कुठल्याही शाखेत अर्ज भरायचा, पैसे नेपाळ एसबीआय बँकेमार्फत पोचतात. खात्यातून पाठवलं तर एका वेळी २ लाखांपर्यंत. खातं नसेल आणि रोख भरायची असेल तर ५० हजार, आणि वर्षात १२ वेळाच. काउंटरवर ‘अशी काही योजना नाही’ असं उत्तर मिळालं तर शाखाधिकाऱ्यांना रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक बघायला सांगा. अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा नावामुळे. घेणाऱ्याच्या ‘नागरिकता’ दाखल्यावर जसं इंग्रजी स्पेलिंग आहे तसंच्या तसं लिहा. श्रेष्ठ आडनावाची चार स्पेलिंगं चालतात, त्यातलं एकच बरोबर असतं. आणि हो, नेपाळी माणसाला ‘बहादूर’ म्हणून हाक मारू नका. इथे मोठ्या माणसाला ‘दाइ’ म्हणतात, बाईला ‘दिदी’, आणि आदराने ओ द्यायची तर ‘हजुर’.

गाडी घेऊन येणाऱ्यांसाठी भन्सार हा शब्द महत्त्वाचा. भन्सार म्हणजे जकात, सीमाशुल्क. एमएच १९ ची, म्हणजे जळगावची गाडी सीमेवर पोचली की आरसी आणि लायसन्स घेऊन भन्सार कार्यालयात जायचं. किती दिवस राहणार ते सांगून तेवढ्या दिवसांचं शुल्क भरायचं आणि पास घ्यायचा. एका आर्थिक वर्षात एकूण ३० दिवस धरून चाला, आणि नेपाळचं आर्थिक वर्ष एप्रिलला नाही, त्यांच्या साउनात, म्हणजे आपल्या जुलैच्या मध्यावर सुरू होतं. पासावर तारीखही विक्रम संवतात असते. आपल्या इसवी सनापेक्षा ५६-५७ ने पुढे. शिवाय त्यांचे महिने सौर असल्याने संक्रांतीला बदलतात. आपला वैशाख आणि त्यांचा बैशाख एकत्र येतीलच असं नाही, म्हणून तारीख तिथेच मोजून घ्या. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर अधिकारपत्र सोबत ठेवा. दिवस नेमके मोजून पास घेतला की हमखास फसगत. पावसाळ्यात दरड पडली की रस्ता दीड-दोन दिवस बंद. सप्टेंबर २०२४ च्या पुरात जनकपूरकडून काठमांडूला येणाऱ्या बीपी महामार्गाची तर फार वाट लागली होती. दोन दिवस जास्तीचे भरा. मुदत उलटल्यावरच्या दंडापेक्षा ते स्वस्त पडतात.

सामानाचंही तसंच. १०० नेपाळी रुपयांवरच्या मालाला भन्सार भरायचा हा नियम कागदावर जुना आहे. कधी सैल सुटतो, कधी मूठ आवळतात. घरच्या वापरापुरते उडदाचे पापड आणि काळा मसाला कोणी विचारत नाही, पण पाच-दहा किलोचे डबे ‘नातेवाइकांना’ नेताय म्हटलं की पिशवी उघडली जाते. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ मात्र आणाच. ज्वारीला इथे जुनेलो म्हणतात, पण ती काठमांडूच्या दुकानात सहज मिळत नाही. कोदो मिळतो, म्हणजे आपली नाचणी.

जमिनीबद्दल एक वाक्य. १९५० च्या करारात ‘मालमत्ता’ हा शब्द आहे, तरी नेपाळचा कायदा परदेशी माणसाला जमीन घेऊ देत नाही. ओळखीच्याच्या नावावर करून देतो म्हणणारा दलाल भेटला तर चहा प्या आणि निघा.

आता मोठ्या गोष्टी, ज्यांमुळे इथलं रोजचं आयुष्य चालतं. सप्टेंबर २०१५ मध्ये नवी राज्यघटना आल्यावर रक्सौल-बीरगंज नाक्यावर ट्रक अडले ते जवळजवळ पाच महिने. त्याच एप्रिलात भूकंप झालेला. घरोघर गॅस नव्हता, लोकांनी चुली पेटवल्या. नेपाळ त्याला भारताची नाकेबंदी म्हणतो. भारताचं म्हणणं, अडथळा नेपाळच्या हद्दीतल्या मधेसी, म्हणजे सीमेलगतच्या मैदानी पट्ट्यातल्या आंदोलकांचा होता. त्या जखमेवर इथे जपून बोलावं. त्यानंतर १० सप्टेंबर २०१९ रोजी मोतिहारी ते अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची तेलवाहिनी सुरू झाली. दक्षिण आशियातली सीमेपार जाणारी पहिलीच. टँकरची रांग गेली, पण वाल्व्ह मोतिहारीतच आहे, हेही इथला माणूस विसरत नाही.

विजेत उलटं चित्र आहे. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेची सवय असलेल्यांना हे गमतीचं वाटेल: इथली वीज जवळजवळ सगळी नदीच्या पाण्यावर. बहुतेक प्रकल्पांना हतनूर धरणासारखा साठा नाही, वाहतं पाणी तसंच टर्बाइनवर. पावसाळ्यात नद्या दुथडी, तेव्हा जास्तीची वीज ढल्केबर-मुझफ्फरपूर लाइनने भारताला विकली जाते. हिवाळ्यात प्रवाह आटला की त्याच तारांतून भारताची वीज उलटी येते. जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत १०,००० मेगावॉटपर्यंत नेण्याचा करार झाला. नोव्हेंबर २०२४ पासून भारताच्या तारांतून ४० मेगावॉट बांगलादेशलाही जाऊ लागली. एकेकाळी इथे दिवसाला सोळा-अठरा तास लोडशेडिंग होतं, आज इंडक्शन शेगडी आणि विजेच्या गाड्या सर्रास दिसतात.

घड्याळ १५ मिनिटं पुढे करा. सुट्टी शनिवारची. आणि परतताना उरलेल्या नेपाळी नोटा जयनगर किंवा सुनौलीलाच बदला. पुढे त्या कोणी घेत नाही, भुसावळचा वडापाववालाही नाही.