रातपाळी आणि १-०-०

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीजवळ माझे औषधांचे दुकान आहे. सकाळी यंत्रमागांची रातपाळी सुटली की पहिली गर्दी कामगारांचीच होते. त्या दिवशी केसांत कापसाचे तंतू अडकलेले, नेहमी येणारे एक अण्णा नवी चिठ्ठी घेऊन आले. मधुमेहाच्या दोन औषधांपैकी मेटफॉर्मिन पूर्वीचेच होते. ग्लिमेपिराइड मात्र १ मिलिग्रॅमवरून २ मिलिग्रॅम झाले होते. पैसे काढता काढता ते म्हणाले, "साहेब, सकाळी झोपलो की घाम फुटतो, हातपाय कापतात. ताकदीचं एखादं टॉनिक द्या."

"हे डॉक्टरांना सांगितलंत का?"

"त्यांनी गोळ्या रोज घेता का विचारलं. घेतो म्हणालो. बाहेर एवढी रांग, त्यांना कशाला त्रास द्यायचा?"

ही रांग फार गोष्टी गिळून टाकते. डॉक्टरांपुढे न निघालेल्या कितीतरी तक्रारी माझ्या काउंटरवर येतात. मी अण्णांना काल संध्याकाळपासूनचे सगळे खाणेपिणे क्रमाने सांगायला लावले. मध्यरात्री कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, झोप उडावी म्हणून दोन-तीनदा साखरेचा चहा, विसरायला नको म्हणून पहाटे सहाला मागाजवळच 'सकाळची' गोळी, मग घरी जाऊन झोप आणि जेवण थेट दुपारी. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. शिवाय घाम साखर वाढल्यामुळेच येतो असे समजून अण्णांनी सकाळचा चहाही सोडला होता.

रक्तातली साखर मोजणाऱ्या ग्लुकोमीटरवर आकडा आला ६१. साखर ७० च्या खाली गेली की ती कमी धरतात. पाण्यात ग्लुकोज पावडर कालवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले तेव्हा ९२ आली, आणि मग समोरच्या टपरीवरून पोहे मागवले.

२०१५ च्या औषधव्यवसाय नियमांनुसार रुग्णाला औषधाबद्दल समजावून सांगणे हे आमचे कामच आहे, परंतु मात्रा बदलणे नाही. म्हणून मी एका कागदावर पाळीची, खाण्याची आणि गोळीची वेळ व दोन्ही आकडे लिहिले आणि डॉक्टरांना दूरध्वनी केला. तीन महिन्यांची सरासरी साखर जास्त दिसल्यामुळे त्यांनी मात्रा वाढवली होती आणि समोरच्या अहवालावरून तो निर्णय योग्यच होता. चिठ्ठीवरच्या १-०-० मध्ये, म्हणजे सकाळी एक गोळी, दुपारी आणि रात्री नाही, यात माणूस रात्री झोपतो हे गृहीतच धरलेले असते. पाळीचा उल्लेख ना अहवालात होता, ना केसपेपरवर.

डॉक्टरांनी अण्णांना लगेच बोलावले आणि मलाही सोबत यायला सांगितले. मात्रा पुन्हा १ मिलिग्रॅमवर आली, गोळीची वेळ कामावर निघण्यापूर्वीच्या जेवणाशी जोडली गेली आणि रात्रीचा चहा बिनसाखरेचा ठरला. पाळी बदलली तर काय करायचे, हे अण्णांनी स्वतःहून विचारले, तेव्हा डॉक्टरांनी दिवसपाळीची वेळही लिहून दिली. त्यानंतर "समजलं का?" असे न विचारता त्यांनी सांगितले, "आता घरी वहिनींना कसं सांगाल, ते मला सांगा." गोळीचे अण्णांनी बरोबर सांगितले, घाम आला तर काय, यावर मात्र ते म्हणाले, "पाणी पिऊन पडून राहायचं." डॉक्टरांनी तेवढा भाग पुन्हा समजावला, आणि दुसऱ्या खेपेला अण्णांनी आधी साखर, मग जेवण, असे क्रमाने सांगितले.